सुट्टे द्या, नाहीतर स्कॅन करा

महाड स्टँडवरून पोलादपूरची गाडी सुटली की पहिली दहा मिनिटं आत एकच शब्द घुमत असतो: सुट्टे. ‘सुट्टे काढून ठेवा’, ‘सुट्टे नाहीत तर उतरताना घ्या’, ‘सगळ्यांनीच पाचशे काढल्यावर मी काय करू?’ अलीकडे या गजरात एक नवा सूर मिसळला आहे: ‘स्कॅन करा.’ वाहकाच्या हातातल्या मशिनच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची रांगोळी उमटते, कॉलेजातला पोरगा फोन पुढे धरतो, टिंग वाजतं आणि मशीन कागदाची जीभ बाहेर काढतं. तीन सीट मागे पिशवी मांडीवर घेऊन बसलेली आजी हे सगळं बघते आणि शेजारणीला विचारते, ‘ह्याचं पैसं गेलं कुठं?’

आजीचा प्रश्न भल्याभल्यांना पडलेला आहे. बिनपैशांच्या तिकिटात पैसे कुणाचे वाचतात आणि भुर्दंड कुणाला बसतो? लंडन, न्यूयॉर्क, हाँगकाँगपासून पोलादपूर तालुक्यातल्या उमरठ-कुडपणच्या वळणांपर्यंत या प्रश्नाच्या उत्तराच्या चिंध्या विखुरलेल्या आहेत. त्यातल्या काही गोळा केल्या, त्या या.

पाच पैसे दाखवा, बक्षीस मिळवा

एसटीचं भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर चालतं. एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली आणि साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. आता गंमत बघा. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झाली आहेत. म्हणजे सरकारमान्य दरपत्रकात जे पाच पैसे आहेत ते सरकारमान्य नाण्यांत नाहीतच. ते फक्त गणितात राहतात, अंतरा-अंतराने गोळा होतात आणि शेवटी पूर्णांकात विरघळतात.

हे विरघळणं कसं करायचं यावर एसटीने बरेच प्रयोग केले. जून २०१८ मध्ये १८ टक्के भाडेवाढ झाली तेव्हा सुट्ट्यांची कटकट संपवायला भाडं थेट पाचच्या पटीत आणलं. हिशेबाने सात रुपये होत असतील तर पाच घ्यायचे, आठ होत असतील तर दहा. सातवाला खूश, आठवाला खट्टू. एका थांब्यावर दोन रुपये सुटायचे आणि पुढच्या थांब्यावर दोन रुपये जास्त पडायचे, म्हणून एक थांबा आधी उतरून चालत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. कोकणी माणूस दोन रुपयांसाठी चालेल का, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोकणी माणूस पाहिलेला नाही.

२०२५ ला भाडं पुन्हा रुपयाच्या पटीत आलं आणि वाद जागे झाले. इतके, की परिवहन मंत्र्यांना सांगावं लागलं: वाहकांना निघतानाच सुट्टे द्या आणि यूपीआयचा वापर वाढवा.

सुट्ट्यांमुळे भाडं हलण्याचा हा प्रकार काही आपलाच नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं तिकीट १९०४ पासून १९४८ पर्यंत पाच सेंटच होतं. चव्वेचाळीस वर्षं! दोन महायुद्धं झाली, मंदी आली, भाडं हललं नाही. १९४८ ला ते दहा सेंट झालं, कारण दहा सेंटचंही एक नाणं होतं. १९५३ ला पंधरा करायचं ठरलं तेव्हा मात्र पंचाईत झाली. पंधरा सेंटचं नाणंच नव्हतं, आणि फिरत्या फाटकाच्या फटीला दोन नाणी गिळता येत नव्हती. तेव्हा खास टोकन पाडलं गेलं, ते पुढे २००३ पर्यंत पन्नास वर्षं चाललं. तिकिटाचा दर अर्थशास्त्र ठरवतं म्हणतात, पण त्या फाटकापाशी तो फटीने ठरवला.

फोनला मात्र पैशांचं वावडं नाही. चाळीस रुपये वीस पैसे टाका, जातील. म्हणजे स्कॅन करणाऱ्याकडून अगदी टप्प्याबरहुकूम, पैशासकट भाडं घेता येईल. घेत नाहीत, कारण शेजारच्या सीटवर नोट काढून बसलेला माणूस आहे आणि एकाच प्रवासाचे दोन दर कसे लावणार? गाडीत एक जण जरी नाण्याने पैसे देणारा असला, तरी भाडं सगळ्यांसाठी नाण्याच्याच मापाने शिवावं लागतं.

रुपया पाडायला रुपया पुरत नाही

नाणी फुकट येत नाहीत. २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार एक रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे लागत होते. दोनच्या नाण्याला १ रुपया २८ पैसे, पाचच्याला ३ रुपये ६९ पैसे आणि दहाच्याला ५ रुपये ५४ पैसे. म्हणजे वाहकाने ‘हा घ्या रुपया’ म्हणून हातावर टेकवलेला रुपया त्या हिशेबाने सरकारला अकरा पैशांच्या तोट्यात पडलेला असतो.

आणि नाणी घ्यायलाही मर्यादा आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत एका वेळी हजार रुपयांपर्यंतच देणं कायदेशीर. पन्नास पैशांचं नाणं अजून चालतं बरं का, पण दहा रुपयांपुरतं. कायद्याने चालतं, म्हणजे वाहक घेईलच असं मात्र समजू नका. दहाच्या नाण्याचीही तीच तऱ्हा. त्याचे चौदा नमुने निघाले आणि ‘हे खोटं’ म्हणून बाजारात नाकारले जाऊ लागले. शेवटी रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये चौदाच्या चौदा खरे आहेत असं पत्रक काढावं लागलं. पत्रक दिल्ली-मुंबईत वाचलं गेलं असेल, आमच्याकडच्या टपरीवर अजून पोचायचं आहे.

मुंबईत उलटा प्रकार. जुलै २०१९ मध्ये ‘बेस्ट’ने किमान भाडं पाच रुपयांवर आणलं. प्रवासी वाढले, तशी चिल्लरही वाढली. तिजोऱ्यांत नाण्यांचे ढीग साचले आणि एक वेळ अशी आली की कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग नाण्यांत आणि दहाच्या नोटांत द्यावा लागला. महिन्याचा पगार घ्यायला जाताना पाकीट न्यायचं की गोणपाट, असा प्रश्न पडलेली ही बहुधा एकमेव नोकरी. इकडे महाडचा वाहक एका रुपयासाठी हाका मारतोय आणि तिकडे रुपयांचा डोंगर झालाय. नाणं देशात कमी नसतं, ते चुकीच्या खिशात असतं.

तसं बघितलं तर महाड तालुक्याचं नाण्यांशी वाकडं नाही. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. होन संग्रहालयांत आणि लिलावांत गेले, पण शिवराई ही खरी बाजाराची चिल्लर. इंग्रज आल्यावरही ती दख्खनच्या बाजारांत फिरत राहिली. त्याच गडाच्या पायथ्याशी, पाचाडला, आज भाकरी-पिठल्याच्या खोपटात क्यूआरचा पुठ्ठा लटकलेला असतो.

तिकिटाची पाठ

जुन्या पद्धतीत वाहकाकडे पत्र्याची तिकिटांची पेटी असायची. वेगवेगळ्या दरांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या गड्ड्या, आणि बोटात चिमटा. टप्प्याच्या आकड्यावर टक्कन भोक. तो चिमटा गाडीच्या दांडीवर वाजवत वाहक पुढून मागे यायचा, तेव्हा झोपलेली माणसंही खिसा चाचपायची. पोरांना त्या तिकिटांचे आकडे बेरीज करायचं वेड. बेरीज नऊ आली की पेपर सोपा जाणार!

पण त्या तिकिटाचा सगळ्यात कामाचा भाग त्याची पाठ. सुट्टे नसले की वाहक तिथे पेनने लिहून द्यायचा: ६९. म्हणजे तुमचे एकोणसत्तर रुपये माझ्याकडे. ही हुंडीच की. ना सही, ना शिक्का, गाडी हलत असल्यामुळे आकडा नागमोडी, तरी ती वटायचीच. न वटण्याचं कारण एकच, तुम्ही विसरून उतरलात. माझ्या वडिलांनी एकदा पोलादपूरला उतरून घरी गेल्यावर तिकीट उलटं केलं, तेव्हा पाठीवर ४० होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फेरीला हजर. वाहकाने चेहरा बघूनच पैसे काढले.

मशिनचं तिकीट आलं आणि ही पाठ गेली नाही, पण पोट बदललं. या कागदावर शाई नसतेच. कागदालाच रसायनाचा लेप असतो, मशिनमधलं तापलेलं डोकं जिथे टेकतं तिथे तो काळा पडतो. खात्री करायची तर तिकिटावर नख जोरात ओढा, काळी रेघ उमटेल. घर्षणाच्या उष्णतेवरही हा कागद छापतो. या लेपामुळेच घामट खिशात आठ दिवस राहिलेल्या तिकिटावरचं ‘महाड’ पुसट होतं आणि गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवलेलं तिकीट आख्खं करडं पडतं. प्रवासभत्त्याचं बिल लावणाऱ्या मास्तरांनी तिकिटाची झेरॉक्स लगेच काढावी. अशा कागदाच्या लेपात वापरल्या जाणाऱ्या बिस्फेनॉल-ए या रसायनावर युरोपने जानेवारी २०२० पासून कडक मर्यादा घातली आहे. तिकीट दातात धरून सामान उचलायची सवय असेल, तर सोडलेली बरी.

शून्याचं तिकीट

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. फुकट म्हटल्यावर तिकीट कशाला? तरी वाहक आजोबांना तिकीट देतोच, त्यावर किंमत शून्य. एका आजोबांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, ‘शून्याचा कागूद कशापायी? पोराला बिडीला द्या.’

आजोबा, त्या शून्यातच सगळी मेख आहे. सवलतीचे पैसे राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. किती द्यायचे, हे ठरतं किती माणसं कुठून कुठे गेली यावर. ते मोजतं मशीन. वाहकाने शून्याचं तिकीट फाडलं नाही तर आजोबा पोलादपूरला पोचतील, पण हिशेबाच्या लेखी ते गाडीत बसलेच नव्हते. चिमट्याच्या जमान्यात ही मोजदाद वहीत आणि वे-बिलात करावी लागायची. आता बटण दाबलं की झालं. स्कॅन आणि यूपीआयच्या गलक्यात ही गोष्ट मागे पडते, पण माझ्या मते इलेक्ट्रॉनिक तिकिटाने एसटीला सगळ्यात मोठा फायदा दिला असेल तर तो हा: न घेतलेल्या पैशांचा हिशेब.

सीमेपलीकडेही शून्याचीच चलती आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत बायकांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास. बेळगाव-निपाणीच्या मराठी बायकांनाही वाहक शून्याचंच तिकीट देतो.

मधल्या काळात एसटीने ज्येष्ठांसाठी आणि सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्ड आणलं, २०१९ ला. ते काढायची मुदत वाढली. पुन्हा वाढली. मग कोरोना आला, मुदत आणखी वाढली. आजही आजोबा खिशातून काढतात ते घामाने वाकलेलं आधार कार्डच. पोरांच्या पासाची गोष्ट त्यामानाने सुखाची. जून २०२४ मध्ये ‘एसटी पास थेट तुमच्या शाळेत’ मोहीम निघाली आणि पासासाठी स्टँडच्या खिडकीपाशी रांगा लावण्याऐवजी एसटीचीच माणसं शाळेत आली.

लंडनचं गणित घाटात बसत नाही

इलेक्ट्रॉनिक तिकिटाचे गोडवे गाणारे सगळे जण लंडनचा दाखला देतात. ‘ऑयस्टर’ कार्ड २००३ ला आलं आणि ६ जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेणंच बंद झालं. तोवर रोख देणारे एक टक्क्याहूनही कमी उरले होते, आणि त्यांच्यासाठी पैसे गोळा करणं, मोजणं, वाहून नेणं यात वर्षाला २ कोटी ४० लाख पौंड जात होते म्हणे. वर वेळ वाचला तो वेगळाच.

वेळेचं हे गणित आपल्याला मात्र जसंच्या तसं लागू नाही. तिथे चालकच तिकीट देतो. एक बाई पर्समध्ये नाणं शोधते तोवर आख्खी बस उभी. आपल्याकडे गाडी चालू असते आणि वाहक गर्दीतून वाट काढत तिकिटं देत फिरतो. स्कॅनने दोन सेकंद वाचली काय आणि दहा गेली काय, गाडी तेवढीच धावणार. उलट फोनचं लॉक, मग ॲप, मग पिन, मग ‘थांबा हं, फिरतंय’. नोट काढून देणारा म्हातारा तोवर सुट्ट्यांसकट मोकळा होतो. तेव्हा वेळ वाचतो म्हणून यूपीआय, हा युक्तिवाद महाडच्या स्टँडवर करू नये. भांडण वाचतं म्हणून यूपीआय, हे मात्र शंभर टक्के पटतं.

आणखी एक वाचतं, ते वाहकाची झोप. वस्तीची गाडी म्हणजे काय हे शहरातल्यांना सांगावं लागेल. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी डोंगरातल्या गावात जाते, रात्रभर तिथेच थांबते आणि पहाटे माणसं घेऊन परत येते. दिवसभराची रोकड रात्री वाहकाच्या उशाशी. कमी भरली तर त्याच्याच खिशातून जाते. स्कॅन झालेले पैसे उशाशी ठेवावे लागत नाहीत आणि पहाटे पुन्हा मोजावेही लागत नाहीत.

नेटवर्कचा टप्पा

पोलादपूर तालुक्यात एसटीचे टप्पे वेगळे आणि नेटवर्कचे वेगळे. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाकडे वळलं की फोनवरच्या काड्या एकेक करून गळायला लागतात. उमरठ, ढवळ्याकडच्या दऱ्यांत तर फोन हा घड्याळ म्हणून वापरायचा. खेडच्या बाजूला निघालात, तर कशेडीच्या बोगद्यात फिरतं चक्र बघत बसायचं.

माझंच सांगतो. कापड्याला जाणाऱ्या एका मिनिडोर रिक्षामध्ये उतरताना वीस रुपये स्कॅन केले. चक्र फिरलं, फिरलं, अडकलं. चालक म्हणाला, ‘आलं नाय.’ मी पुन्हा पाठवले. पुन्हा तेच. शेवटी मागच्या सीटवरच्या ओळखीच्या काकांकडून वीसची नोट उसनी घेऊन दिली. घरी येऊन बघतो तर खात्यातून चाळीस गेलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले ते, पण तोवर काकांना वीस रुपये द्यायचे राहिलेच. त्यांनी एका लग्नात चार माणसांसमोर आठवण करून दिली.

याबाबतचा नियम माहीत असलेला बरा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे यूपीआयने माणसाकडून माणसाला पाठवलेले पैसे अडकले तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. व्यापाऱ्याला दिलेले असतील तर पाच दिवसांपर्यंत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. वीस रुपयांच्या भाड्यावर दिवसाला शंभर! मिनिडोरमध्ये बसून कमवायचा याहून चांगला मार्ग नाही, पण पैसे बिचारे वेळेत परत येतात.

घाटासाठी खरं औषध वेगळंच आहे. नेहमीच्या यूपीआयचे पैसे बँकेत असतात, म्हणून प्रत्येक वेळी बँकेपर्यंत जाऊन यावं लागतं. त्याला नेटवर्क हवंच. ४ मार्च २०१९ ला देशात आलेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात मात्र थोडी शिल्लक कार्डाच्या चिपवरच राहते. मशिनला टेकवलं की जागच्या जागी वजा होते, आभाळाकडे बघावं लागत नाही. बेस्ट आणि मुंबई-पुण्याच्या मेट्रोत हे कार्ड चालतं. म्हणजे जिथे पावलापावलावर नेटवर्क आहे तिथे बिननेटवर्कचं कार्ड, आणि दरीत उतरणाऱ्या गाडीत क्यूआर. लग्नात वाढप्याने जिलबी जेवून उठलेल्यांच्या पंगतीकडेच न्यावी, तसं काहीसं.

नऊ लाख आणि एक टप

रोख बाळगण्याचा खर्च किती, याचं सगळ्यात थरारक उत्तर कोकणातच सापडतं. २२ जुलै २०२१, चिपळूणचा महापूर. एसटी आगारात पाणी भराभर चढलं. तिजोरीत होती सुमारे नऊ लाखांची तिकिटांची रोकड. आगार व्यवस्थापक आणि काही कर्मचारी ती रोकड घेऊन बुडत्या एसटीच्या टपावर चढले आणि पावसात नऊएक तास तिथेच बसून राहिले. पैसे वाचले, माणसंही वाचली. हीच रक्कम स्कॅनने आली असती तर टपावर चढायला एक ओझं कमी असतं.

पण त्याच दिवसांत महाडमध्ये काय होतं? सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या होत्या, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. एक वर्ष आधी, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनारपट्टीवर कितीतरी दिवस तीच गत. अशा वेळी खात्यात लाख असले तरी हातात काही नाही, आणि डब्यात ठेवलेल्या दहा-वीसच्या नोटा म्हणजे राजा. आमच्याकडे आजही पावसाळ्यात घरात रोख ठेवतात, सुक्या मासळीच्या बरणीशेजारी. महाडमध्ये लंडनसारखी रोख बंद करायला निघालेल्या साहेबाने एक जुलै महिना इथे काढावा.

कालवं, कलिंगड आणि चार्ली

प्रवासाच्या कार्डांना नावं ठेवण्यात जगाने फार डोकं चालवलंय, आणि कोकणी माणसाला त्यात मासळीबाजाराचा वास येईल. लंडनचं ऑयस्टर म्हणजे आपली कालवं. हाँगकाँगचं १९९७ चं कार्ड ऑक्टोपस. टोकियोचं २००१ चं ‘सुइका’, आणि सुइका हा उच्चार जपानीत कलिंगडाचाही, म्हणून कार्डही हिरवं. बॉस्टनचं ‘चार्ली कार्ड’ सगळ्यात भारी. १९४९ साली तिथे निवडणुकीच्या प्रचारासाठी एक गाणं निघालं. भाडं वाढलं, उतरताना जादा नाणं द्यावं लागू लागलं, चार्ली नावाच्या माणसाकडे ते नव्हतं, म्हणून तो जन्मभर गाडीतच फिरत राहिला. २००६ ला कार्ड आलं तेव्हा त्याला त्याच अडकलेल्या माणसाचं नाव दिलं. सुट्टे नसलेल्या प्रवाशाचं जगातलं हे बहुधा एकमेव स्मारक. आपल्या कार्डाला ‘बोंबील’ म्हणावं असं मी सुचवतो. सपाट असतो, खिशात मावतो आणि पावसाळ्यासाठी साठवता येतो.

फुकट म्हणजे कुणाच्या खिशातून?

यूपीआयवर दुकानदाराला किंवा एसटीला कापून जाणारं शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे. पण बँकांची यंत्रं शून्यात चालत नाहीत. म्हणून २०२४-२५ साठी केंद्राने छोट्या व्यवहारांच्या प्रोत्साहनापोटी १,५०० कोटी रुपये मंजूर केले. आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे: पोराचे पैसे एसटीकडे गेले आणि ते नेण्याची हमाली आजीच्याही करातून गेली, तिने स्कॅन न करताच.

उरलेलं अर्धं जास्त टोचणारं. रोख तिकिटाला तुमचं नाव माहीत नसतं. कार्डाला आणि फोनला तुम्ही कधी, कुठून, कुठे गेलात हे कळतं. हाँगकाँगच्या ऑक्टोपस कंपनीने जवळपास वीस लाख ग्राहकांची माहिती दुसऱ्या कंपन्यांना विकून सुमारे ४ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलर मिळवल्याचं २०१० ला उघड झालं आणि मोठा गहजब झाला. आमच्या गावात हे काम रोखीच्या जमान्यातही चालायचं म्हणा. तुम्ही कुठल्या गाडीने कुणाकडे गेलात हे स्टँडवरच्या चहावाल्याला माहीत असायचं, आणि तो ते फुकट वाटायचा.

जाता जाता चाकरमान्यांसाठी एक कामाची गोष्ट. १ जुलै २०२५ पासून एसटीने दीडशे किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाचं पूर्ण भाड्याचं आगाऊ आरक्षण केल्यास १५ टक्के सूट सुरू केली. मुंबई सेंट्रलहून महाड दीडशेच्या पुढे, पनवेलहून दीडशेच्या आत. एवढ्यासाठी कुणी पनवेलचा माणूस मुंबईला जाऊन बसेल असं नाही, पण हिशेब करून बघणारे आहेत. गणपतीच्या जादा गाड्यांना मात्र ही सूट नाही, आणि आम्हाला गावी जायचं असतं ते त्याच गाड्यांनी.

चालतं-बोलतं एटीएम

परवा पोलादपूरहून महाडला येत होतो. पुढच्या सीटवरच्या बाईंनी अर्ध्या तिकिटासाठी पाचशेची नोट काढली. वाहकाने पेटीत बघितलं, गाडीत बघितलं, शेवटी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. ‘दादा, मावशींचं तुम्ही मारता का?’ मी मारलं. मावशींनी पदराची गाठ सोडली. आत नाणी होतीच! पाचशे मोडायची होती, एवढंच. रुपया-दोन रुपये मोजून माझ्या तळहातावर ठेवले. हे बघून मागच्या दोघांनीही आपापली चिल्लर पुढे केली आणि मी त्यांचीही तिकिटं स्कॅन केली. महाड येईपर्यंत माझ्या खात्यात खड्डा आणि खिशात खुळखुळाट.

स्टँडवर उतरून वडापाव घेतला आणि सवयीने फोन काढला. गाडीवाला म्हणाला, ‘मोबाईल नको दादा, सकाळपासून सगळे स्कॅनच करतायत. सुट्टे आहेत का?’